गेटवर एजंट म्हणतोय "कामगारांच्या घराचा नवीन कायदा". खरंच असा पैसा मिळतो का?

अंबडचा_ऑपरेटर

मंडळी जरा मार्गदर्शन करा. मी अंबड एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर ऑपरेटर आहे, परमनंट. गेल्या काही दिवसांपासून शिफ्ट सुटायच्या टायमाला गेटवर एक एजंट पत्रकं वाटतोय, "नवीन गृहनिर्माण कायदा २०२५, फक्त औद्योगिक कामगारांसाठी, सरकारकडून अडीच लाख, दहा वर्षं भाडं भरा मग घर तुमच्या नावावर" असं सगळं एकाच कागदावर. साईट पाथर्डी फाट्याच्या पुढं कुठंतरी आहे म्हणतो, गट नंबर विचारला की विषय बदलतो. बुकिंगचे एकवीस हजार मागतोय आणि आमच्यातल्या काहींनी भरले पण.

माझं असं आहे की हातात चोवीसच्या आसपास येतात पण ओव्हरटाईम आणि बोनस धरला तर फॉर्म १६ वर तीन लाखाच्या थोडं वर जातं. निफाडकडं गावाला घर आहे, वडिलांच्या नावावर. मिसेस घरी शिवणकाम करते. इथं उत्तमनगरला भाड्याने राहतो.

मला फक्त एवढं कळत नाही की असा काही कायदा खरंच झालाय का, झाला असेल तर पैसा कामगाराला देतात का बिल्डरला का कंपनीला, आणि आम्ही पंधरावीस जणांनी मिळून सोसायटी काढून जागा घेतली तर तो पैसा आम्हाला लागू होईल का. यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येकजण वेगळंच सांगतो आणि शेवटी "लिंक डिस्क्रिप्शनमध्ये".

जुना_कारकून

भाऊ, आधी एकवीस हजार खिशातच ठेवा, मग पुढचं वाचा. मी घरबांधणीच्याच खात्यात नोकरी केली, आता रिटायर आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

२०२५ चा "कायदा" नाही, ते धोरण आहे. २० मे २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, "माझे घर माझा अधिकार" नावाने, त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक असं उद्दिष्ट आहे, २० हजार कोटींच्या महा आवास निधीचा उल्लेख आहे. औद्योगिक कामगारांचा विषय त्यात आहे हे खरं. औद्योगिक क्षेत्रात सुविधांसाठी २० टक्के जागा राखून ठेवलेली असते, त्यातली १० ते ३० टक्के निवासी वापराला द्यायची, म्हणजे माणूस कामाला चालत जाईल, असा विचार आहे. दहा वर्षं भाडं आणि नंतर मालकी ही कल्पनापण तिथलीच, म्हणजे एजंटने वाचलंय बरंका, पण आपल्या सोयीने वाचलंय. धोरणात वाक्य आलं म्हणून तुमच्या खात्यात रुपया येत नाही. त्याचा जीआर म्हणजे शासन निर्णय निघावा लागतो, बजेटमध्ये त्याचं लेखाशीर्ष म्हणजे खर्चाचं खातं उघडावं लागतं, बांधकाम नियमावलीत बदल करायचा तर एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस, हरकती, सूचना, सगळं करावं लागतं. तुमच्या पत्रकावर जीआरचा नंबर आणि तारीख आहे का बघा. नसणारच.

आता पैसा कुणाला. अडीच लाखाचा आकडा येतो पीएमएवाय म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेतून, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. भागीदारीतल्या घरांच्या प्रकारात, ज्याला एएचपी म्हणतात, ही रक्कम कामगाराच्या हातात पडतच नाही, ती मंजूर प्रकल्पाला जाते आणि घराची किंमत तेवढी कमी होते. तीही एकदम नाही. मूळ योजनेत ४०, ४० आणि २० टक्के असे टप्पे होते आणि काम किती झालं ते बघून पुढचा हप्ता सुटायचा. म्हणजे प्रकल्प मंजूर यादीत असेल तरच अडीच लाख. बिल्डरने नुसतं पत्रकावर छापून ते मिळत नाहीत.

आणि एक गोष्ट मला कायम खटकते ती सांगतो. १९५२ ला केंद्राची अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजना आली तेव्हा पात्रता कारखान्यावरनं ठरायची. फॅक्टरी ॲक्टखालचा कामगार, ठराविक पगाराच्या आत, बास. राज्य सरकारने बांधलं तर निम्मा खर्च अनुदान आणि निम्मा कर्ज, मालकाने किंवा कामगारांच्या सोसायटीने बांधलं तर पाव हिस्सा अनुदान. राज्यात हाउसिंग बोर्डाच्या कामगार वसाहती याच पैशातून झाल्या. पुढं ती योजना गरिबांच्या घरांमध्ये मिसळली आणि हळूहळू "कामगार" हा निकषच कागदावरून गेला, राहिलं ते कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. त्यामुळं तुमच्यासारखा माणूस बरोब्बर मध्ये लटकतो. कारखान्याच्या मालकाने घर बांधायला पुढं यावं असं नियमात फारसं काही राहिलेलं नाही.

हिशोबी_ताई

काकांनी बरोबर सांगितलं. लटकणं म्हणजे काय ते आकड्यात मांडते, कारण माझ्याकडे रिटर्न भरायला येणारे निम्मे लोक सातपूर-अंबडचेच आहेत आणि सगळ्यांचा घोळ एकच.

म्हाडाच्या लॉटरीत नाशिकसारख्या १० लाखांवरच्या महापालिकेत अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख आहे, नवराबायको मिळून. पीएमएवाय २.० मध्ये, म्हणजे त्या योजनेच्या आताच्या दुसऱ्या टप्प्यात, तोच अत्यल्प गट ३ लाखाला संपतो. ३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार. तुम्ही ३ लाख १० हजारवाले म्हाडाच्या दारात गरीब आणि पीएमएवायच्या दारात एक पायरी वर. ते अडीच लाखवालं अनुदान फक्त अत्यल्प गटाला आहे, म्हणजे एजंटचा प्रकल्प उद्या खराखुरा निघाला तरी तुमच्या फॉर्म १६ वर अडकणार. दिवाळीच्या बोनसने माणूस अपात्र होतो हे मी डोळ्याने बघितलंय.

तुमच्या उपयोगाचं आहे ते त्याच योजनेतलं गृहकर्जावरचं व्याज अनुदान. ९ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला चालतं. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांपर्यंत ४ टक्के, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, ते पाच वार्षिक हप्त्यांत तुमच्या कर्जखात्यात. मध्येच कर्ज भरून टाकलं किंवा निम्म्याहून कमी मुद्दल राहिलं की पुढचे हप्ते बंद, म्हणून गडबडीने प्रीपेमेंट करू नका. आणि हे एक घेतलं की दुसरं नाही, अडीच लाख अधिक एक ऐंशी अशी बेरीज करून जो दाखवेल त्याला नमस्कार करून निघा.

गावच्या घराचं: नियम असा आहे की नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं यांच्यापैकी कुणाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. वडिलांच्या नावावर असेल तर ते वेगळं कुटुंब, चालतं. पण ग्रामपंचायतीचा ८-अ उतारा काढून बघाच, आमच्याकडे एकाला माहीतच नव्हतं की ग्रामपंचायतीत वाटणीनंतर त्याचंही नाव चढलंय. आणि नवीन घर बायकोच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घ्यावं लागेल. जीएसटी बांधकाम चालू असलेल्या घरावर १ टक्काच, नाशिकला ९० चौरस मीटर कार्पेट आणि ४५ लाखांच्या आत असेल तर. काही जण ५ लावतात, बिल नीट बघा.

टाम्पा_ते_त्र्यंबक

मी मूळचा त्र्यंबकचा, सध्या फ्लोरिडात. इकडे वर्कफोर्स हाउसिंग हा शब्द राजकारणात रोजचा आहे, म्हणजे नर्स, शिक्षक, पोलीस, गोदामातले लोक, ज्यांना गरीब म्हणून मदत मिळत नाही आणि शहरात घरही परवडत नाही. ताईंनी सांगितलेला तोच मधला माणूस.

२०२३ ला इकडच्या राज्याने लिव्ह लोकल ॲक्ट नावाचा खराखुरा कायदा केला, विधिमंडळात मंजूर, सिनेट बिल १०२. त्यात ७११ मिलियन डॉलरची तरतूद केली. पण मला गंमत वाटली ती पैसे द्यायच्या पद्धतीची. बिल्डरने एकूण घरांतली ४० टक्के घरं ३० वर्षांसाठी अशा भाड्याने ठेवायची की त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या १२० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्याला परवडतील, तर शहराने त्याला व्यापारी किंवा औद्योगिक झोनमध्येही झोन न बदलता परवानगी दिलीच पाहिजे. वर अशी किमान ७१ घरं असतील तर घरपट्टीत सूट, ८० ते १२० टक्केवाल्यांच्या घरांना ७५ टक्के आणि त्याखालच्यांना पूर्ण. म्हणजे सरकार खिशातून देण्यापेक्षा येणारा कर सोडून देतं.

भांडणं लगेच झाली. घरपट्टी बुडते नगरपालिकांची आणि कायदा करतं राज्य. २०२४ ला मग दुरुस्ती आली की फ्लोरिडा विद्यापीठाच्या शिमबर्ग सेंटरच्या अहवालात एखाद्या भागात १२० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या सगळ्यांसाठी घरं पुरेशी दिसली तर तिथल्या स्थानिक संस्था ८० ते १२० टक्केवाल्यांच्या घरांची सूट नाकारू शकतात. आणि त्याच कायद्याने भाडेनियंत्रणावर पूर्ण बंदी घातली, ते फार कुणी सांगत नाही.

पवननगरचा_पक्या

भाऊ तिकडचं तिकडं ठीक आहे, आपल्याकडं घरपट्टी माफ केली तर मनपा रस्त्यावरचे दिवे कशाने लावणार 😀 इथं एवढं आहे की २०१३ पासून नियम आहे, ४ हजार चौरस मीटर किंवा त्याच्या वरचा लेआऊट असेल तर २० टक्के घरं किंवा प्लॉट दुर्बल आणि अल्प गटाला, म्हाडाच्या लॉटरीतून. त्यात सरकारचा एक रुपया जात नाही, बिल्डरच्या प्रकल्पातूनच घर निघतं. पण झालं काय, ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत म्हणून २०२२ ला नाशिकच्याच नावाने विधान परिषदेत गदारोळ झाला. नियम चांगला होता पण बिल्डर देतोय का नाही ते बघायचं कुणी हा प्रश्न राहिला ना. आणि मूळ अट १० लाखांवरच्या महापालिकेची, म्हणजे सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडं जिथं नवीन कारखाने जातायत तिथं त्या अटीचा उपयोग काय.

जुना_कारकून

पक्याने मुद्द्यावर बोट ठेवलं. कारखाने शहराबाहेर आणि घराचे नियम शहरापुरते. म्हणूनच एमआयडीसीच्या सुविधा भूखंडांचं काय होतं ते बघण्यासारखं आहे, ती जमीन आधीच सरकारी आहे, तिथं जमिनीची किंमत घराच्या किमतीत चढवायची का नाही हे सरकारच्या हातात आहे. अनुदान अडीच लाखाचं साडेतीन केलं तरी पाथर्डी फाट्याला जमीनमालक तेवढा भाव वाढवून मोकळा होतो.

फ्लोरिडावाल्या दादांचं ३० वर्षांचं बंधन मात्र मला आवडलं. आपल्याकडे लॉटरीचं घर पाच वर्षं विकता येत नाही, सहाव्या वर्षी ते बाजारभावाने गेलं की सरकारने घातलेला पैसाही त्याच्याबरोबर गेला. पुढच्या कामगाराला परत पहिल्यापासून अनुदान.

सिन्नरची_लेक

मी जरा वेगळं सांगते. माझी आजी आणि आई दोघी विड्या वळायच्या, सिन्नरला निम्म्या गल्ल्यांची तीच कथा. विडी कामगारांच्या घराला पैसा मिळायचा तो खराखुरा कायद्यातून मिळायचा, १९७६ चे दोन कायदे, एक सेसचा म्हणजे ठराविक कामासाठीच्या कराचा आणि एक कल्याण निधीचा. हजार विड्यांमागे पन्नास पैसे ते पाच रुपये या मर्यादेत सेस आणि तो पैसा दवाखाना, मुलांची स्कॉलरशिप, घर यालाच. आईकडे विडी कामगाराचं ओळखपत्र होतं म्हणून ती पात्र, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरायला लागलं नाही. काका म्हणतात तो "कामगार" हा निकष तिथं टिकून होता.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बाकीच्या सेसबरोबर विडीचाही गेला. कार्ड कपाटात आहे पण त्याच्यामागचा हक्काचा पैसा गेला, आता बजेटमधून जे येईल ते. घराला दीड लाखाची योजना होती, २५, ६० आणि १५ टक्के अशा हप्त्यांत. पहिल्या हप्त्याआधी खड्डा खणायला पैसे आणायचे कुठून हा प्रश्न प्रत्येक घरात होता, मग सावकार किंवा बचत गट.

सोसायटीचं विचारलंय त्यांना सांगते, सोलापूरचं बघा. कुंभारीला आधी विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १० हजार घरं, २००६ ला ताब्यात दिली. मग तिथंच रे नगर, ३० हजार घरं, विडीवाल्या, यंत्रमागवाले, रिक्षावाले, कचरा वेचणारे असे सगळे असंघटित, आणि पैसा पीएमएवायच्या त्याच दीड आणि एक लाखाच्या खिडकीतून. १५ हजार घरं जानेवारी २०२४ ला दिली. म्हणजे कामगारांनी मिळून करता येतं. पण त्याच्यामागे युनियनची किती वर्षं गेली ते विचारा. पंधरावीस जणांच्या सोसायटीला रस्ता, पाणी, ड्रेनेज कोण देणार?

बिगारी_नाका

परमनंटवाल्यांचं चाललंय, आमच्या बांधकामवाल्यांचं पण ऐका. आमच्या नावाने खरा सेस आहे, १९९६ च्या कायद्याने, बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का. आता नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. नाशकात सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते पूल घाट, त्याच्यावर सेस जमा होणार. पैशाला तोटा नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच निकालात लिहिलं की देशभरात ३७ हजार ४०० कोटींच्या वर जमा झाले आणि खर्च झाले साडेनऊ हजार कोटींच्या आसपास.

घरासाठी बांधकाम कामगार मंडळाची अटल आवास योजना आहे, शहरात २ लाख आणि गावाकडं दीड लाख. पण नोंदणी जिवंत पाहिजे, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे, आणि ठेकेदार सही देत नाही कारण सही दिली की तो मालक ठरतो. नाक्यावरचा माणूस आज एकाकडं उद्या दुसऱ्याकडं, ९० दिवस कोण लिहून देणार. आणि घर बांधायला आधी जागा लागते साहेब. आम्ही चुंचाळ्याला खोलीत सहाजण राहतो, आम्हाला मालकी नको, पाण्याची तोटी आणि संडास असलेली भाड्याची खोली द्या.

हिशोबी_ताई

बिगारी भाऊंचं शंभर टक्के. पीएमएवाय २.० मध्ये भाड्याच्या घरांचा वेगळा प्रकार आहे, त्यात मालकी नाहीच, कामगारांसाठी डॉर्मिटरीही चालते. पण भाड्याचं घर बांधणाऱ्याला पैसा हळूहळू परत मिळतो, म्हणून खाजगीवाला तिकडं बघत नाही. अनुदान देताना सरकारचा हात मालकीच्या घराकडेच जातो, चावी देतानाचा फोटो चांगला येतो ना.

सोसायटीबद्दल अजून एक. पीएफच्या योजनेत २०१७ ला तरतूद आली होती, कमीत कमी दहा सभासदांची सोसायटी असेल तर घरासाठी ९० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ काढायचे नियम बदलायचा निर्णय झालाय, तेव्हा आताची अट पीएफ ऑफिसला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर नको.

अंबडचा_ऑपरेटर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगत नाही. आज गेटवर एजंटला जीआर नंबर विचारला तर म्हणाला "साहेबांकडे आहे". महारेरा नंबर, म्हणजे घरप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, विचारला तर "प्रोसेसमध्ये आहे, आत्ता भरलं तर जुन्या रेटने मिळेल". ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्याकडे साधी पावती आहे, वर कंपनीचं नाव पण नाही, नुसतं "साईट बुकिंग".

८-अ काढायला चुलतभावाला सांगितलंय. व्याज अनुदानाचं बघतो, पण नाशकात ३५ लाखांत टू बीएचके कुठं राहिलंय, वन बीएचकेच बघावं लागेल असं दिसतंय, नाहीतर मग गिरणाऱ्याकडं सरकायचं आणि रोज पेट्रोल जाळायचं.

जुना_कारकून

"प्रोसेसमध्ये" असेल तर त्याने पत्रक वाटणंच बेकायदा आहे. रेराच्या कलम ३ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही, विक्री नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त घरं, दोन्ही असलं की नोंदणी लागतेच. एजंटचीही स्वतःची नोंदणी लागते, तो नंबर वेगळा. ज्यांनी पैसे दिलेत त्यांनी पत्रक आणि पावती दोन्हीचे फोटो काढून ठेवावेत, फोनवर न बोलता मेसेजवर पैसे परत मागावेत, म्हणजे तारीख राहते. पैसे रोख दिले का ऑनलाईन?

अंबडचा_ऑपरेटर

दोघांनी रोख, बाकीच्यांनी गूगल पे केलंय, एजंटच्या पर्सनल नंबरवर. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून मेसेज टाकायला लावतो.

पवननगरचा_पक्या

गूगल पेवाल्यांचे स्क्रीनशॉट आधी घे, नंतर मेसेज. आणि रोखवाल्यांना म्हणावं पावतीवर सही कुणाची आहे ते नीट बघा.